एथिक्स ट्रेनिंगमध्ये शिकवायचं काय?

कंपन्यांमधलं एथिक्स ट्रेनिंग कसं असतं ते नोकरदारांना सांगायला नको. स्लाइड, नेक्स्ट, स्लाइड, नेक्स्ट, शेवटी चार प्रश्न. "लाच घेणे योग्य आहे का?" यात नापास झालेला माणूस मला एकदा बघायचाय. (लाच खाणारेही पैकीच्या पैकी मिळवतात.) एन्रॉन या अमेरिकन कंपनीची आचारसंहिता ६४ पानी होती. २००१ मध्ये हिशेबातल्या घोटाळ्यापायी कंपनी बुडाली, आचारसंहिता शाबूत.

चूक काय, बरोबर काय, हे बहुतेकांना ठाऊक असतं. गाडी अडते ती तोंड उघडायच्या वेळी.

२०१८ ची केपटाउन कसोटी आठवा. चेंडूला सँडपेपर घासणं चूक, हे काय ऑस्ट्रेलियाच्या बँक्रॉफ्टला माहीत नव्हतं? संघानं आपल्याला आपलं मानावं एवढंच हवं होतं, असं पुढे त्यानंच सांगितलं. आणि कर्णधार स्मिथ? ड्रेसिंग रूममध्ये काहीतरी शिजतंय हे त्याला दिसलं आणि 'मला त्यातलं काही कळायला नको' म्हणून तो पुढे निघून गेला. "बंद करा हे." तीन शब्दांचं काम होतं. स्मिथ आणि उपकर्णधार वॉर्नर वर्षभर बाहेर बसले, बँक्रॉफ्ट नऊ महिने.

हे तीन शब्द घोटून घ्यावे लागतात. स्लिपमधला झेल भाषण ऐकून येतो का? मग कोचनं सरावातच प्रसंग उभा करावा. सीनियर म्हणतोय, "बॅट लागली नाही माहितीये, तरी अपील कर." पोरानं सगळ्यांदेखत उत्तर द्यायचं. अडखळेल, बाकीचे हसतील, हसू देत. ऑफिसातही तेच. महिनाअखेर आहे, साहेब म्हणतात पुढच्या महिन्याची विक्री याच महिन्यात दाखव. नोकरी सांभाळून नाही कसं म्हणायचं? "सर, ऑडिटमध्ये हे तुमच्यावरच येईल," हेही चालतं. फार उदात्त नाही, पण काम होतं.

आणि किंमत लपवू नका. १९८० मध्ये वानखेडेवर भारताचा कर्णधार विश्वनाथनं अंपायरनी बाद दिलेल्या इंग्लंडच्या बॉब टेलरला परत बोलावलं, ही गोष्ट आपण कौतुकानं सांगतो. पुढे टेलर-बोथमनं १७१ धावांची भागी केली आणि इंग्लंड दहा गडी राखून जिंकलं, हे मात्र गाळतो. पोरांना तेही सांगा, मग विचारा, तू बोलावलं असतंस का?

अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत टार्गेटपायी ग्राहकांच्या नावे लाखो खोटी खाती उघडली गेली. २०१६ मध्ये प्रकरण बाहेर आलं तोवर सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं होतं, बहुतेक खालचेच. म्हणून एचआरवाल्यांना एक विनंती: पहिल्या बॅचला टार्गेट ठरवणाऱ्यांना बसवा. नवी पोरं दुसऱ्या बॅचला आली तरी चालतील.