‘फक्त पंखा लावायचे पाचशे’ या रिव्ह्यूला दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार ताई,

मोदक, म्हणजे तुम्ही माझ्या दुकानातून नेलेला ॲक्सोलॉटल (पाण्यात राहणारा, बेडकासारखाच उभयचर पण शेपटीवाला प्राणी), खात नव्हता तेव्हा तुमच्या घरात सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता, पोरगा तर रडवेला झाला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या दिवसांत तुम्हाला जो मनस्ताप झाला त्याबद्दल माफी मागतो.

खरं तर उत्तर द्यायचंच नाही असं ठरवलं होतं. पण परवा एक गिऱ्हाईक आलं, मोबाईलवर तुमचा रिव्ह्यू उघडून माझ्यापुढे धरला आणि हसत विचारलं, “भाऊ, पंखा लावायचे किती घेता?” मीही हसलो. दुसरं काय करणार? तो माणूस काही न घेता गेला. म्हणून लिहितोय.

इतर लोकही वाचतात, तेव्हा तुमचं म्हणणं आधी सांगतो. तुम्ही लिहिलंय की दुकानाने आजारी ॲक्सोलॉटल गळ्यात मारला, रात्री फोन उचलला नाही, आणि घरी येऊन “फक्त एक पंखा लावायचे ५०० रुपये उकळले”. पहिल्या दोन गोष्टींवर फार बोलत नाही. मोदक तुम्ही जानेवारीच्या शेवटी नेला आणि होळीपर्यंत तो छान खात होता, तसे फोटो तुम्हीच पाठवत होतात. आजारी जनावर इतके दिवस गांडुळं ओढून खात नाही. फोन रात्री साडेअकराला आला, दुकान नऊला बंद होतं. सकाळी शटर वर केल्या केल्या मीच तुम्हाला लावला. आधार कार्डावरूनही तुम्ही टोमणा मारला आहे. ताई, हा प्राणी साइट्सच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीतला आहे आणि केंद्र सरकारच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कागद मागणं ही माझी हौस नाही.

पण “फक्त पंखा” हे मला लागलं.

मी फोनवर तुम्हाला पहिला प्रश्न विचारला होता, पाण्याचं तापमान किती आहे? तुम्ही म्हणालात, “थंडच आहे, हात घालून पाहिलं.” नागपुरात एप्रिलमध्ये बाहेर ४३ असतं, घरात ३५-३६, तेव्हा २९-३० अंशांचं पाणीसुद्धा हाताला गारच लागणार. मी येऊन थर्मामीटर टाकला तर २९.५. ॲक्सोलॉटलला हवं १६ ते १८. २४ च्या वर गेलं की त्याला त्रास सुरू होतो, आणि त्याची पहिली खूण म्हणजे खाणं सोडणं. मोदकचे कल्ले पुढे वळले होते, शेपटीचं टोक मुडपलं होतं. ते मी तुमच्या पोराला दाखवलं, तोच एकटा लक्ष देऊन पाहून राहिला होता. ॲक्सोलॉटल मूळचा मेक्सिको शहराजवळच्या सोचिमिल्कोच्या कालव्यांतला. ती जागा समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे त्याचं माहेर आपल्या राज्यातल्या सगळ्यात उंच शिखराच्याही वर. त्याला वर्धा रोडवरच्या घरात, पश्चिमेच्या खिडकीत, शोकेसवर ठेवल्यावर तो जेवणार कसा?

तुम्ही स्वतः आधी टेबल फॅन लावून पाहिला होता आणि काही फरक पडला नाही, म्हणून तर मला बोलावलंत. हे रिव्ह्यूत का नाही लिहिलं? तुमचा फॅन का चालला नाही आणि माझा का चालला, त्याचेच ते पैसे आहेत. आपण नागपूरची माणसं, कूलर कसा गार करतो हे आपल्याला कोणी शिकवायला नको. कोरड्या हवेत पाणी उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. टाकीच्या पाण्यावर तिरपा पंखा मारला की तेच होतं, फक्त इथे पाणी गार करून घ्यायचं असतं. पण तुमच्या हॉलमध्ये कूलर चालू होता. कूलरची हवा आधीच दमट, त्यात पाणी उडणार किती? वरून तुमचा फॅन पाण्याकडे नव्हे, काचेकडे तोंड करून ठेवला होता. म्हणून मी पंखा लावण्याआधी टाकी एसीच्या बेडरूममध्ये न्यायची म्हणालो. तिथली हवा थंडही आणि कोरडीही. टाकी ६० लिटरची, म्हणजे ६० किलो पाणी, वर काचेचं वजन वेगळं. अर्धी उपसली, मोदकला बादलीत काढलं, माझा पोरगा आणि मी ती उचलून आत नेली. तुमच्या मिस्टरांनी दार धरलं, त्यांचे आभार.

उपसताना तळाला रंगीत खडे निघाले. विकताना मी दोनदा सांगितलं होतं, तळाला खडे नकोत. हा प्राणी भक्ष्य तोंडाने शोषून घेतो, त्याबरोबर खडाही आत जातो आणि अडकतो. ते खडे माझ्या दुकानातले नव्हते. मी ते हाताने वेचले. खड्यांखाली चिकनचे तुकडे सापडले, खात नाही म्हणून कोणीतरी टाकत राहिलं होतं. अमोनियाची टेस्ट तुमच्यासमोरच केली, बाटलीतलं पाणी हिरवं झालं, पिवळं राहायला हवं होतं. पाणी गरम असलं की तोच अमोनिया जास्त बाधतो. निम्मं पाणी बदललं, नळाच्या पाण्यात ॲन्टी-क्लोरीन टाकून. तुम्ही फ्रीजमधला बर्फ आणून थेट टाकायला निघाला होतात, तो मी थांबवला, कारण तापमान एकदम उतरलं तर तोही धक्काच असतो. हळूहळू उतरवायचं. एवढं झाल्यावर, सगळ्यात शेवटी, पंखा लावला. आणि तुम्हाला आठवला तो पंखा.

आता हिशोब. लिहायला मला लाज वाटते, पण तुम्ही आकडा जाहीर टाकलात. तो पंखा माझ्या दुकानातला, ॲडाप्टरसकट, आणि तो अजून तुमच्याच टाकीवर आहे. थर्मामीटरही तिथेच राहिला. टेस्टचे थेंब, ॲन्टी-क्लोरीन, महाल भागातल्या दुकानातून तुमच्याकडे दोन गाड्यांचं पेट्रोल, डोक्याला दुपट्टा बांधून भर दुपारी येणं, रविवारी तेवढा वेळ दुकान बंद. गांडुळांचा डबा मी हिशोबात धरलाच नव्हता, पोराच्या हातात दिला होता. ५०० मधून आमची मजुरी किती उरली ते तुम्हीच काढा. दुकानातून निघण्याआधीच आकडा फोनवर सांगितला होता. तुम्ही “तीनशे करा” म्हणालात, मी “नाही जमणार” म्हणालो, तुम्ही “या मग” म्हणालात. यात उकळणं कुठे आलं?

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचाच मेसेज आला, पाणी २२ वर. मी लिहिलं, आता त्याच्या मागे लागू नका, काच ठोकू नका, अंधार राहू द्या, त्याला पापण्या नाहीत, लाइट डोळ्यांवर येतो. तब्येतीने धड असलेला मोठा ॲक्सोलॉटल गार पाण्यात दोन आठवडे न खाताही निभावून नेतो, घाबरू नका. तरी नाहीच खाल्लं तर व्हेटर्नरी कॉलेजला दाखवा, हेही सांगितलं होतं. गिऱ्हाईक लटकवून ठेवायचं असतं तर डॉक्टरचा पत्ता कशाला दिला असता? आठवड्याच्या आत मोदकने गांडूळ ओढलं. तो व्हिडिओ तुम्हीच पाठवलात, खाली तीन हसरे चेहरे आणि “थँक्यू भाऊ”. मी तो दुकानात सगळ्यांना दाखवला. माझ्या आईलासुद्धा दाखवला. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी हा एक स्टार.

दुकान वडिलांनी सुरू केलं, तेव्हा बरण्यांमध्ये गोल्डफिश विकायचो. तेव्हा नाव जायला वेळ लागायचा, मोहल्ल्यात चार माणसं बोलायची तेव्हा कुठे. आता शाळांना सुट्ट्या लागण्याआधी लोक मोबाईलवर स्टार बघून ठरवतात कुठे जायचं. आमचा वर्षाचा धंदा त्याच दिवसांत होतो. भाडं, दुकानातल्या पोराचा पगार, टाक्यांचं लाइट बिल, सगळं त्यातूनच. तुम्हाला वाटेल एक रिव्ह्यू म्हणजे काय मोठं. माझ्या जागी उभं राहून पाहा.

तरी तुमचं म्हणणं मनावर घेतलं आहे. घरी येण्याचे दर कुठेतरी लिहून लावायचं बघतो. तापमानाचा तक्ता प्रत्येक टाकीवर असावा असंही डोक्यात आहे. उन्हाळ्यात ॲक्सोलॉटल द्यायचे की नाही यावरही विचार चालू आहे. रात्रीच्या फोनचंही काहीतरी करू.

बाकी, मे अजून यायचा आहे. पंख्याने टाकीतलं पाणी रोज उडणार, ते ॲन्टी-क्लोरीन टाकलेल्या पाण्याने भरत जा, नाहीतर पाणी खाली जाऊन फिल्टर कोरडा चालेल. लाइट गेली तर पाण्याची बाटली गोठवून, फडक्यात गुंडाळून टाकीत सोडा, बर्फ सुटा नको. खाऊ घालून उरलेला तुकडा त्याच दिवशी चिमट्याने काढा. आणि गांडुळं बागेतली घेऊ नका, तिथे कोणी काय फवारलं असेल सांगता येत नाही.

स्टार बदलायचे की नाही ते तुमच्यावर. पंख्याच्या ॲडाप्टरला सहा महिन्यांची वॉरंटी आहे, बंद पडला तर घेऊन या, बदलून देतो. त्याचे पैसे लागणार नाहीत.

आपला,
दुकानमालक