आपल्या मुलांना जिगर नव्हे, सामने कमी पडतात

विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धेत आमच्या महाविद्यालयाचा संघ काल उपांत्य सामन्यात तीन गुणांनी हरला, आणि आज दुपारपर्यंत माजी खेळाडूंच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या बारा मुलांचे शवविच्छेदन करून झाले होते. ‘पोट्ट्यायमंदी जिगरच नाही’, असे एका सन्माननीय सदस्याने लिहिले. दुसऱ्याने त्याखाली लिहिले, ‘हे बी ठण्णच निघाले.’ त्यावर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. हे ‘ठण्ण’ काय प्रकरण आहे ते बाहेरच्या मित्रांना ठाऊक नसेल, म्हणून आधी तेवढे सांगतो.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आम्ही याच महाविद्यालयाकडून अमरावतीला अंतिम सामना खेळलो होतो. शेवटचे काही सेकंद उरले असताना आम्ही एका गुणाने मागे होतो आणि शॉट मारताना आमच्या सेंटरवर, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या आमच्या उंच खेळाडूवर, फाउल झाला. दोन फ्री थ्रो मिळाले, म्हणजे रेषेवर उभे राहून, कोणी न अडवता मारायचे एकेका गुणाचे दोन शॉट. एक गेला असता तर बरोबरी होती, दोन्ही गेले असते तर चषक आमचा होता. दोन्ही वेळा चेंडू रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून परत आला. तो आवाज आमच्याबरोबर एसटीने गावात पोहोचला आणि त्या मुलाचे नाव होऊन बसला. आज तो कृषी केंद्र चालवतो, अर्धा तालुका त्याला विचारून कपाशीवर फवारणी करतो, आणि तरीही आठवडी बाजारात त्याला मागून ‘ठण्ण’ अशी हाक येते. आज दुपारी तो एक अक्षरही न लिहिता ग्रुप सोडून गेला. बाकीच्यांना त्यात काही वाटले नाही. मला वाटले.

चांगल्या संघाला थोर होण्यासाठी काय लागते, यावर आमच्या ग्रुपवर तीनच उत्तरे आहेत: जिगर, उंच पोरे आणि नवे ट्रॅकसूट. उंचीचे मान्य करतो. दहा फुटांवरची रिंग सव्वासहा फुटांच्या मुलाला जवळ पडणारच. पण कालच्या सामन्यात आपली मुले चारपैकी साडेतीन क्वार्टर आघाडीवर होती, म्हणजे उंचीही पुरेशी होती आणि खेळही पुरेसा होता. कमी पडली ती अटीतटीच्या सामन्याची सवय, आणि ती सवय अटीतटीचे सामने खेळल्याशिवाय, त्यातले काही हरल्याशिवाय कोणालाही लागत नाही. एवढी साधी गोष्ट आपण तीस वर्षे समजून घेत नाही, याचा मला खरा राग आहे.

आपल्याकडचे वर्ष कसे जाते ते पाहा. प्रवेश होईपर्यंत पावसाळा निम्मा सरतो, मग कधीतरी निवड चाचणी होते, आणि संघ जमतो न जमतो तोच सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी सुरू होते. त्याच सुमारास स्पर्धेचे पत्र येते. स्पर्धा बाद पद्धतीची. एक हरलात की बॅग उचलायची आणि बसस्टँड गाठायचे. पहिल्या फेरीत समोरच्या महाविद्यालयाचा संघच येत नाही म्हणून वॉकओव्हर मिळतो, दुसऱ्या फेरीत जेमतेम पाच मुले गोळा करून आणलेला एखादा संघ पंचवीस गुणांनी हरतो, आणि मग उपांत्य फेरीत ज्यांच्या शहरात रोज संध्याकाळी क्लबचे सामने होतात अशा मुलांशी एकदम गाठ पडते. मुलींचे तर याहून वाईट आहे, कारण तिथे वॉकओव्हर घेत घेत थेट अंतिम सामन्यात पोहोचता येते आणि वर्षातला पहिला खरा सामना तोच असतो.

आमचेही तसेच झाले होते. त्या वर्षी अंतिम सामन्यापर्यंत आम्ही सगळे सामने वीस-वीस गुणांनी जिंकलो होतो आणि त्याचा आम्हाला फार अभिमान होता. ज्याला आज लोक ‘ठण्ण’ म्हणतात तो मुलगा रोज संध्याकाळी आमच्या सिमेंटच्या कोर्टवर रिंग दिसेनाशी होईपर्यंत फ्री थ्रो मारत असे, आणि दहातले आठ तरी सहज टाकत असे. पण ते सगळे फ्री थ्रो उभ्या अंगाने, शांत श्वासाने मारलेले होते. सकाळी उपांत्य सामना खेळून, दुपारी अंतिम सामन्यात शेवटपर्यंत धावून, पायात गोळे आलेले असताना, शे-दीडशे अनोळखी माणसे ओरडत असताना त्याने तोपर्यंत एकही फ्री थ्रो मारलेला नव्हता. पाय थकले की चेंडू आखूड पडतो. त्याचे दोन्ही आखूड पडले. यात जिगर कुठे आली?

बास्केटबॉलची शेवटची दोन मिनिटे हा जवळजवळ वेगळाच खेळ असतो, हे ज्यांनी तो खेळला आहे त्यांना सांगावे लागू नये. एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले की पुढच्या प्रत्येक फाउलला समोरच्याला दोन फ्री थ्रो मिळतात, आणि मागे पडलेला संघ घड्याळ थांबवण्यासाठी मुद्दाम फाउल करतो. म्हणजे आघाडीवर असलेल्या संघातला एक दमलेला मुलगा ४.६० मीटरवरच्या रेषेवर एकटा उभा राहतो, त्याच्या हातात पाच सेकंद असतात, आणि सगळा सामना त्या पाच सेकंदांवर येऊन ठेपतो. काल आपल्या मुलांनी शेवटच्या क्वार्टरमध्ये सहा फ्री थ्रो घालवले. आपण तीन गुणांनी हरलो. गणित कोणालाही येईल.

ज्यांना हे फक्त आपल्या पोट्ट्यांचे होते असे वाटते त्यांनी अमेरिकेतल्या महाविद्यालयीन बास्केटबॉलकडे पाहावे. २००८ साली मेम्फिस विद्यापीठाचा संघ संपूर्ण हंगामात एकच सामना हरून राष्ट्रीय अंतिम फेरीत पोहोचला होता. त्यांच्या लीगमध्ये त्यांना कोणीही हरवू शकले नव्हते. अंतिम सामन्यात कॅन्ससविरुद्ध दोन मिनिटे उरली असताना ते नऊ गुणांनी पुढे होते. शेवटच्या सव्वा मिनिटात त्यांचे पाचपैकी चार फ्री थ्रो चुकले, कॅन्ससने शेवटच्या क्षणी तीन गुणांचा शॉट टाकून बरोबरी साधली आणि जादा वेळेत सामना ७५–६८ असा जिंकला. त्या मुलांपैकी काही पुढे एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, खेळले. त्यांनाही कोणी जिगर नाही म्हणून हिणवले असेल. हिणवणारे सगळीकडे असतात.

तिथली अंतिम स्पर्धाही बाद पद्धतीचीच असते, ६८ संघ आणि एक पराभव म्हणजे घरी, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण त्या स्पर्धेत उतरण्यापूर्वी प्रत्येक संघाचे तीसच्या आसपास सामने झालेले असतात, त्यातले बरेच आपल्याच परिसरातल्या संघांशी, एकदा त्यांच्या कोर्टवर आणि एकदा आपल्या, आणि त्यात चांगले संघही मार खातात. हरलेला सामना तिथे हंगामाचा शेवट नसतो; पुढच्या आठवड्यात पुन्हा उभे राहायचे असते. व्हर्जिनिया विद्यापीठाचा संघ २०१८ साली पहिल्या मानांकनाचा असूनही सोळाव्या मानांकनाच्या संघाकडून वीस गुणांनी हरला, जे पुरुषांच्या स्पर्धेत तोवर कधीच घडले नव्हते, आणि बरीचशी तीच मुले घेऊन पुढच्याच वर्षी विजेता झाला. आपल्याकडे असे झाले असते तर त्या मुलांची गावभर नावे पडली असती आणि प्रशिक्षकाचा मैदानाचा तास काढून घेतला गेला असता.

प्रशिक्षकावरून आठवले. अमेरिकेतले जॉन वूडन १९४८ साली यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात प्रशिक्षक म्हणून आले आणि त्यांना पहिले राष्ट्रीय विजेतेपद १९६४ साली मिळाले. त्यानंतरच्या बारा वर्षांत, पहिले धरून, त्यांनी दहा विजेतेपदे मिळवली. हंगामाच्या पहिल्या सरावात ते मुलांना मोजे आणि बूट नीट कसे घालायचे ते शिकवत, कारण पायाला फोड आला की खेळ संपला. सोळा वर्षे माणूस एका जागी टिकला, आणि मुख्य म्हणजे टिकू दिला गेला. आमच्या भागात शारीरिक शिक्षण संचालक निवृत्त झाला की ती जागा वर्षानुवर्षे रिकामी राहते आणि तासिका तत्त्वावरचा एखादा तरुण जीव तोडून राबतो, पुढच्या वर्षी आपण असू की नाही हे त्यालाच ठाऊक नसते. मग शेजारच्या महाविद्यालयाला फोन करून ‘या रविवारी सामना ठेवू’ असे म्हणणार कोण?

संस्थेने या वर्षी ट्रॅकसूट दिले, चौकात फ्लेक्स लावला, त्यावर मुलांच्या चेहऱ्यांपेक्षा पदाधिकाऱ्यांचे चेहरे मोठे होते. ट्रॅकसूट नको असे मी म्हणत नाही. पण त्या फ्लेक्सच्या खर्चात हा संघ दोन वेळा यवतमाळला जाऊन खेळून आला असता.

आणि जिगर नाही, हे वऱ्हाडातल्या माणसाने वऱ्हाडातल्या मुलांना म्हणावे? ज्या अमरावतीत आम्ही हरलो त्याच अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी जगासमोर आपले खेळ दाखवून आले होते. त्याच ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा अधिकृतपणे खेळला गेला आणि खेळाचे जनक नेस्मिथ तो पाहायला हजर होते. आपल्याच गावांतली कबड्डीची मुले पाहा. हिवाळाभर गावोगावच्या स्पर्धांत रात्री-अपरात्री दिव्यांखाली, हजार माणसांच्या आरड्याओरड्यात ती खेळतात, म्हणून शेवटच्या चढाईला त्यांचे पाय लटपटत नाहीत. तीच माती, तीच भाकर. फरक फक्त सामन्यांचा आहे. नुसती आपल्याच धुऱ्यावर पळवलेली जोडी शंकरपटात कोणी उतरवत नाही, बैलांच्या बाबतीत एवढे शहाणपण आपल्याला आहे.

हे लिहिताना राग थोडा उतरला आहे. सकाळी मैदानावरून येताना त्या बारांपैकी चार मुले तिथेच भेटली. कोणी त्यांना बोलावले नव्हते, तरी आली होती. त्यांतला एक रोज बाहेरगावाहून येतो. शेवटची एसटी चुकू नये म्हणून सहाला सराव सोडून पळतो आणि सुटीच्या दिवशी वडिलांबरोबर वेचणीला जातो. शेतीच्या कामामुळे हंगामात मुलांना सवड नसते, हा आक्षेप मला मान्य करावाच लागतो. म्हणूनच सामने जुलैच्या शेवटापासून, डवरणी-निंदणीतून उरलेल्या रविवारी झाले पाहिजेत.

दारव्हा, दिग्रस, पुसद, आर्णी, नेर ही यवतमाळ जिल्ह्यातली सगळी गावे एकमेकांपासून एसटीने किंवा जीपने जाऊन संध्याकाळी परत येण्याच्या अंतरावर आहेत. तिथल्या महाविद्यालयांनी आपसात दर रविवारी एक सामना ठेवावा, एकदा तुमच्या कोर्टवर, एकदा आमच्या. चषक नको, पाहुणे नकोत, हारतुरे नकोत. पंच म्हणून आपल्यातले जुने कलर होल्डर, म्हणजे विद्यापीठाच्या संघातून खेळलेले, उभे राहतील. एखादा चांगला संघ नागपूर किंवा अमरावतीहून बोलवावा आणि खुशाल तीस गुणांनी हरावे. सरावाच्या शेवटी, मुले धापा टाकत असतानाच, प्रत्येकाने दोन फ्री थ्रो मारावेत आणि बाकीच्यांनी बाजूला उभे राहून हवा तेवढा गोंगाट करावा.

मी त्याला, आमच्या सेंटरला, संध्याकाळी फोन केला. ग्रुपचा विषय त्यानेही काढला नाही, मीही काढला नाही. पुढच्या वर्षी मुलांना फ्री थ्रो शिकवायला येशील का, एवढेच विचारले. तो म्हणाला, ‘रविवारी दुकान बंदच राह्यते.’

तेव्हा ग्रुपवर हसणाऱ्या सगळ्यांना विनंती आहे. ज्यांच्याकडे क्रूझर किंवा टाटा मॅजिक आहे आणि महिन्यातला एक रविवार डिझेलसकट देता येईल, त्यांनी मला फोन करावा. ज्यांना इतर महाविद्यालयांतल्या क्रीडा विभागात कोणी ओळखीचे आहे, त्यांनी नंबर पाठवावा. जिगरीवरचे संदेश कृपया पाठवू नयेत.