गाळपेर करा, पण तलाव कोरडा करू नका

मामा तलावाच्या (विदर्भातल्या जुन्या मालगुजारी तलावाच्या) पोटात खोल चर मारून पाणी काढावं आणि ती जमीन कायमची वहितीत आणावी, असं एका लेखात सुचवलंय. रामटेक-उमरेडकडच्या शेतकऱ्यांनी कृपया हे करू नये. पहिली काही वर्षं पीक जोरात येतं, हे खरं. पाण्याखाली हवेअभावी साठलेला सेंद्रिय भाग उघडा पडताच झपाट्याने कुजतो, नत्र मोकळं होतं. तो साठा सरला की उरते चिकण माती. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात चिखल. शिवाय आजूबाजूच्या विहिरींचा पाझर जातो तो वेगळाच.

त्यापेक्षा गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळातली पेरणी, बरी. पाणी उतरेल तसा पट्ट्यापट्ट्याने हरभरा, लाखोळी (लाख डाळ) किंवा जवस पेरा. वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, मात्र नीट बघा. चार बोटं खालची माती मुठीत दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटला तर पेरा, चपटा बसला तर थांबा. इथेच बहुतेकांची घाई नडते. ओल्यात ट्रॅक्टर घातला की खालचा थर दबतो, ढेकळं विटेसारखी वाळतात, मुळं वरच राहतात. हरभऱ्याला मर रोग लागतो म्हणून बियाण्याला किलोमागे ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोग रोखणारी उपयोगी बुरशी) चोळा, रायझोबियम (नत्र मिळवून देणारे जिवाणू) त्यानंतर.

युरिया आणि तणनाशक तलावाच्या पोटात नकोच. पुढच्या पावसात ते थेट पाण्यात, म्हणजे मासोळीच्या आणि गुरांच्या पोटात जातं. पाण्यालगतचा पट्टा देवधानासकट (आपोआप उगवणाऱ्या रानभातासकट) तसाच राहू द्या.