खुलासा : अॅम्प्लिफायरचे वॅट स्पीकरच्या वॅटांपेक्षा कमीच हवेत?

‘स्पीकरवर 100 वॅट लिहिले असेल तर अॅम्प्लिफायर 100 वॅटच्या आतलाच घ्यावा, नाहीतर स्पीकर जळतो,’ असा सल्ला सध्या फिरतो आहे. तो अर्धवट आहे, आणि महागडा सॉलिड-स्टेट (ट्रान्झिस्टरवर चालणारा) अॅम्प्लिफायर निवडताना दिशाभूल करणारा आहे.

स्पीकरवरचा आकडा सहनशक्तीची मर्यादा सांगतो. स्पीकर प्रत्यक्षात किती वॅट ओढेल हे आवाजाच्या बटणावर ठरते. उलट लहान अॅम्प्लिफायर त्याच्या कुवतीबाहेर वाजवला की ध्वनिलहरींचे माथे सपाट कापले जातात, वरच्या स्वरांतली ऊर्जा वाढते आणि आधी बळी जातो तो नाजूक ट्विटर, म्हणजे उंच स्वर वाजवणारा छोटा स्पीकर. अर्थात, मोठा अॅम्प्लिफायर बेफाम वाजवला तर तोही स्पीकर जाळेलच.

वॅटांआधी संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक शक्तीला स्पीकर किती डेसिबल आवाज देतो, ते पाहावे. आवाज 3 डेसिबलने वाढवायला दुप्पट शक्ती लागते, म्हणून 90 डेसिबलच्या स्पीकरला जिथे 25 वॅट पुरतात तिथे 84 डेसिबलच्या स्पीकरला 100 लागतात.

खरी परीक्षा मात्र इम्पीडन्सची, म्हणजे स्पीकर विजेच्या प्रवाहाला करतो त्या विरोधाची. तो ओहममध्ये मोजतात; ओहम जितके कमी, तितका जास्त प्रवाह अॅम्प्लिफायरला पुरवावा लागतो. ‘8 ओहम’ छापलेला स्पीकर काही कंप्रतांना (फ्रिक्वेन्सींना) 3 ओहमपर्यंत उतरू शकतो, आणि 1980च्या दशकातला अपोजी सिंटिला हा स्पीकर तर 1 ओहमचा होता. 8 ओहमला 100 वॅट देणारा अॅम्प्लिफायर 4 ओहमला 200च्या जवळ जातो की 130वरच दमतो, हे माहितीपत्रकात तपासावे. ट्रान्सफॉर्मर आणि वीजपुरवठ्याचा दम तिथेच कळतो.