मिठात ‘सायनाइड’ असल्याच्या मेसेजला उत्तर

‘आयोडीनयुक्त मिठात सायनाइड असतं, ते हळूहळू मारतं. आजच सैंधव वापरायला लागा.’ हा मेसेज फिरत फिरत माझ्या बहिणीपर्यंत पोचला. तिला पाचवा महिना चालू आहे. डॉक्टरांना न विचारताच तिने घरातलं आयोडीनचं मीठ बंद केलं. म्हणून हे लिहितोय.

आधी सायनाइड. दमट हवेत मिठाचे गठ्ठे होऊ नयेत म्हणून बऱ्याच मिठांत पोटॅशियम फेरोसायनाइड घालतात. पाकिटावर 536 हा क्रमांक दिसतो तो त्याचाच. ते असतं, एवढंच त्या मेसेजमध्ये खरं. पण यातले सहा सायनाइड गट लोखंडाच्या एका अणूला इतके घट्ट बांधलेले असतात की पोटात ते सुटत नाहीत. पोटॅशियम सायनाइड हे विष आहे, पण तो पदार्थच वेगळा. ‘शिजवताना सायनाइड सुटतं’ म्हणे! अहो, हे संयुग फुटायला 400 अंशांच्या आसपास तापमान लागतं. पाणी 100 अंशांना उकळतं आणि तळणाचं तेल साधारण 180 पर्यंत तापतं. तीव्र आम्लात घालून तापवलं तर त्यातून विषारी वायू निघतो खरा, पण तसा स्वयंपाक कोणी करत नाही.

युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2018 मध्ये या पदार्थांची नव्याने तपासणी केली. त्यांनी ठरवलेली मर्यादा आहे रोज, शरीराच्या दर किलो वजनामागे 0.03 मिलिग्रॅम. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 1.8 मिलिग्रॅम. युरोपात एक किलो मिठात हे जास्तीत जास्त 20 मिलिग्रॅम घालता येतं. आता हिशेब करा: मर्यादेपर्यंत पोचायला रोज निदान 90 ग्रॅम मीठ खावं लागेल. जागतिक आरोग्य संघटना 5 ग्रॅमच्या आत राहा म्हणते. 90 ग्रॅम खाणाऱ्याचा जीव नुसत्या मिठानेच धोक्यात येईल.

आणखी एक गोष्ट. प्रशियन ब्लू हा निळा रंग फेरोसायनाइडचाच. 1987 मध्ये ब्राझीलमधल्या गोयानियात किरणोत्सर्गी सीझियम लोकांच्या पोटात गेलं, तेव्हा ते बाहेर काढायला हाच रंग त्यांना औषध म्हणून पोटात दिला होता, तोही ग्रॅमच्या मापात.

‘मीठ ब्लीच करून पांढरं करतात’: शुद्ध मिठाचा स्फटिक मुळात रंगहीनच असतो. सैंधवाला गुलाबी छटा येते ती लोखंडाच्या अंशामुळे.

‘आयोडीन शरीराला नकोच’ हे मात्र सगळ्यात घातक. पहिले काही महिने पोटातल्या बाळाला थायरॉइडचं संप्रेरक आईकडूनच मिळतं, आणि ते बनवायला आयोडीन लागतं. फार कमी पडलं तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते आणि ते नुकसान पुढे भरून निघत नाही. एरवी रोज 150 मायक्रोग्रॅम पुरतं, गरोदरपणात 250 लागतं. सैंधवात आयोडीन नावापुरतंच असतं. स्वित्झर्लंडने 1922 मध्ये आणि अमेरिकेतल्या मिशिगनने 1924 मध्ये मिठात आयोडीन घालायला सुरुवात केली ती गळ्याला येणारी गलगंडाची गाठ घरोघर दिसत होती म्हणून.

थायरॉइडच्या काही रुग्णांना जास्त आयोडीन बाधतं, हे मान्य. त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावं, मेसेजला नाही. शिजवताना थोडं आयोडीन उडतं, हेही खरं. त्यासाठी मीठ शेवटी घाला आणि बरणीचं झाकण घट्ट ठेवा.