‘ट्रम्पवाले कुठे आहेत?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘द गुड फाइट’ या शिकागोतल्या वकिलांच्या अमेरिकन मालिकेवरच्या माझ्या लेखाला तुम्ही ‘पुरोगाम्यांची आरती’ म्हणालात, वर ‘ताई, मालिका बघून लिहीत चला’ असा सल्लाही दिलात. मतभेद असू द्या हो, पण ही बोलायची कुठली रीत? सहाही सीझन पाहिलेत मी, काही भाग तर तीनतीनदा.

एक चूक मान्य. मालिकेत ल्यूका क्विन झालेल्या अभिनेत्री कुश जम्बोला मी अमेरिकन म्हटलं होतं, ती लंडनची. दुरुस्त केलंय, आभार.

आता तुमचं ते वाक्य: ‘ट्रम्पला मत देणारा या मालिकेत माणूस म्हणून दिसतच नाही.’ मग ज्युलियस केन कोण आहे? मालिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वकिली फर्ममधला कृष्णवर्णीय भागीदार, आणि पहिल्याच सीझनमध्ये कळतं की त्याने ट्रम्पला मत दिलंय. त्यानंतर सहकारी त्याच्याशी कसे तुटक वागतात ते पाहा. तिथे लहान दिसतात ते पुरोगामी, ज्युलियस नाही. आणि कर्ट? बंदुकांचा जाणकार, पक्का रिपब्लिकन, म्हणजे ट्रम्पच्याच पक्षाचा. मालिका सुरू होते तीच नायिका डायन, त्या फर्ममध्ये येणारी गोरी पुरोगामी वकील, अंधारात बसून २० जानेवारी २०१७ चा ट्रम्पचा शपथविधी बघते तिथून, आणि तिचा नवरा कोण तर हा कर्ट. ६ जानेवारी २०२१ च्या कॅपिटॉलवरच्या, म्हणजे अमेरिकन संसदेवरच्या, हल्ल्याची झळ पाचव्या सीझनमध्ये थेट त्यांच्या घरात येते. भांडतात, पण लेखक कर्टला खलनायक करत नाहीत. याला आरती म्हणतात?

हे मी पुस्तकं वाचून सांगत नाहीये. शिकागोतच एका वकिली फर्ममध्ये नऊ वर्षं पॅरालीगल, म्हणजे वकिलांची सहायक, होते. आमच्याकडेही एक कृष्णवर्णीय सीनियर वकील होते, रिपब्लिकन, आणि ते लपवायचे नाहीत. २०१६ च्या निवडणुकीनंतर दुपारी जेवताना त्यांच्या शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या राहायला लागल्या. ते फाईल उघडून बसायचे, पण पान उलटायचे नाहीत. मीही तिथे जाऊन बसले नाही. ज्युलियसचे प्रसंग बघताना मला ते पान आठवतं. त्यामुळे मला काय दिसलं आणि काय नाही, हे तुम्ही सांगू नका.

‘फर्म कृष्णवर्णीयांची, पण कॅमेरा गोऱ्या बाईवर’ म्हणता, तर कृष्णवर्णीयांच्या फर्मच्या नावात गोरी भागीदार हवीच कशाला, हा वाद पाचव्या सीझनमध्ये मालिकेनेच घातलाय. तो बघा. न्यायाधीशांची पात्रं अतिरंजित वाटतात या तक्रारीत मला दम वाटत नाही, सोडून देते.

आणि यापुढे ‘ताई’ नको. ओळख नसताना असं ताई म्हणणं म्हणजे समोरच्याला आधीच कमी लेखणं असतं. प्रतिक्रिया काढत नाहीये, आहे तशी राहू दे.