तुमचा झांबिया होईल

शाळेच्या ग्रुपवर वेगळ्या विदर्भाचा विषय निघाला की मी शक्यतो गप्प बसतो. तो निघतो ठरलेल्या वेळीच, नागपूरचं हिवाळी अधिवेशन आलं की. यंदा मात्र एकेकाळी माझ्याच बाकावर बसणाऱ्या आणि आता पुणेकर झालेल्या मित्रानं लिहिलं, "ना समुद्र, ना बंदर. वेगळे झालात तर तुमचा झांबिया होईल." खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. मी सतरा वर्षं झांबियात आहे हे सगळ्यांना माहीत आहे. कुणाला ते आठवलं नाही, किंवा आठवलं म्हणूनच हसले.

तर झांबिया होणं म्हणजे काय, ते सांगतो.

मी चंद्रपूरचा, झांबियाच्या तांब्याच्या पट्ट्यात कित्वेला खाणीत विजेचं काम बघतो. आमच्या गेटसमोरून तांब्याचे ट्रक जातात. मीटरभर लांबीरुंदीचे लालसर पत्रे, पोलादी पट्ट्यांनी बांधलेले, उघडेच. तीसेक टन माल असतो, पण ट्रक जवळजवळ रिकामा दिसतो. आल्या आल्या मला वाटलं होतं, याचा माल वाटेत सांडला की काय. हा ट्रक टांझानियातल्या दार-एस-सलाम बंदराला निघाला तर नाकोंडेच्या सीमानाक्यावर रांगेत, दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनला निघाला तर चिरुंडूच्या. ड्रायव्हर चाकांमध्ये चटई टाकतो, कोळशावर न्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट उकडा, रटरटत ठेवतो आणि शिक्क्याची वाट बघतो. महाराष्ट्राच्या जवळपास अडीचपट देश, लोक दोनेक कोटी, शेजारी आठ. बाहेर पडायचं तर त्यातल्या एकाच्या तरी दारातून.

नागपूरच्या ट्रकला समृद्धीवर ७०१ किलोमीटर, मग न्हावाशेवा. मध्ये टोल मागतील, पासपोर्ट कुणी मागत नाही. वेगळं राज्य झालं म्हणून मागणारही नाही. तेलंगणाला २०१४ पासून कुठला समुद्र आहे? हरियाणाला कधी होता? पण हे लिहिलं की पुणेकर म्हणतो, "विषय भरकटवू नकोस."

झांबिया स्वतंत्र झाला २४ ऑक्टोबर १९६४ ला. वर्ष उलटतंय तोच दक्षिणेच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, इयन स्मिथच्या गोऱ्या सरकारनं परस्पर स्वातंत्र्य जाहीर केलं. इथली रेल्वे त्याच देशातून जायची, तांब्याच्या भट्ट्यांना कोळसा तिथल्या वांकीहून यायचा, पेट्रोलही त्याच बाजूनं. दीड महिन्याच्या आत पेट्रोल पिंपांत भरून विमानानं आणायची पाळी आली. मग माम्बाला स्वतःची कोळशाची खाण काढली, १९६८ ला दार-एस-सलामहून एन्डोलापर्यंत तेलवाहिनी टाकली, चिन्यांकडून दार-एस-सलामपर्यंत १,८६० किलोमीटरची रेल्वे बांधून घेतली. ती १९७५ मध्ये पुरी होते न होते तोच अंगोलात यादवी पेटली आणि पश्चिमेची रेल्वे बंद पडली. त्यात तांब्याचे भाव कोसळलेले. दुष्काळात तेरावा महिना. झांबियाचं जे झालं ते असं झालं. हसऱ्या चेहऱ्यांनी एवढं वाचून मग हसावं.

आता मला सोयीचा भाग. १९५३ मध्ये इंग्रजांनी उत्तर ऱ्होडेशिया, म्हणजे आजचा झांबिया, दक्षिण ऱ्होडेशिया आणि न्यासालँड, म्हणजे आजचा मलावी, यांची एकत्र मोट बांधली. तांबं इथलं, राजधानी सॉल्सबरी (आजचं हरारे) तिकडची, पैसाही तिकडेच. इथले लोक सॉल्सबरीला 'बांबाझोंके' म्हणत, सगळं लाटणारी. दोघांच्या सीमेवरच्या झांबेझी नदीवर बांधलेल्या करिबा धरणाच्या विजेचं मोठं गिऱ्हाईक या तांब्याच्या खाणी, पण वीजघर आधी उभं राहिलं दक्षिणेच्या काठावर. पाण्याखाली मात्र दोन्हीकडच्या टोंगा लोकांची गावं गेली, सत्तावन्न हजार माणसं. आणि १९५३ म्हणजेच विदर्भाला महाराष्ट्रात आणणारा आमचा नागपूर करार! चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट. त्याची राख आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर, आणि भारनियमनात बाबा मे महिन्यात गच्चीवर ओला पंचा पांघरून झोपायचे. मुंबईला आम्ही 'बांबाझोंके'सारखं नाव कसं ठेवलं नाही, याचंच मला नवल वाटतं.

पण ती मोट १९६३ अखेर सुटली. तांबं झांबियाचं झालं, १९६९ नंतर खाणींत ५१ टक्के वाटा सरकारनं घेतला. आणि तरी निर्यात आजही मुख्यतः तांब्याचीच, आणि २०२० मध्ये कर्जाचा हप्ता थकला. २०२४ च्या दुष्काळात करिबाचं पाणी आटलं, वीस-वीस तास वीज नव्हती. माझ्याकडे बॅटऱ्या आहेत. मागच्या खोलीत राहणारा आमचा माळी मेणबत्तीवर होता. आमचा कोळसा, आमचं मँगनीज, वेगळे झालो की राजे होऊ म्हणणाऱ्या माझ्या बाजूच्या पोरांना हे सांगायला हवं. ग्रुपवर मी एवढंच गाळलं.

आईला फोनवर हे भांडण सांगितलं. ती म्हणाली, "तुले काय करा लागते बाबू? तू काय परत येऊन राह्यला का?"

नाही येऊन राह्यलो. जूनमध्ये इथे स्वेटर लागतो, चंद्रपूरच्या सत्तेचाळीस अंशांत आता मला आठवडाही निघत नाही. सतरा वर्षांत तिथे मत दिलेलं नाही, इथे हक्क नाही. कित्वेच्या बाजारात मी म्वेन्ये, म्हणजे हिंदी माणूस, चंद्रपुरात आफ्रिकावाला. इथे १९९१ मध्ये पहिले राष्ट्राध्यक्ष कौंडा निवडणूक हरले आणि निमूट खुर्ची सोडून गेले, हे मी पाहुण्यांना असं सांगतो जणू मी तेव्हा रांगेत उभा होतो.

आमचा फोरमन इथल्या बेम्बा जमातीचा आहे, त्यानं समुद्र पाहिलेला नाही. मागे डब्याच्या वेळी त्यानं विचारलं, "बॉस, तुमच्याकडे समुद्र आहे ना?" मी फोन काढून मरीन ड्राइव्ह दाखवली. लाटा उसळतानाचा व्हिडिओही दाखवला. ऊर भरून आला होता माझा. तो समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तेविसाव्या वर्षी, याच नोकरीच्या मुलाखतीला मुंबईत गेलो तेव्हा, वर्ध्याला गाडी बदलून.

"तुमच्या घरापासून किती लांब?"

"जवळच आहे," मी म्हटलं.